मार्गशीर्षातलं मटण

घाटमाथ्यावरची लांब पल्ल्याची पायवाट आम्ही दर हिवाळ्यात चालायचो. मुक्कामाला कधी गुहा, कधी शाळेची पडवी, कधी गावाबाहेरचं देऊळ. त्यातलं एक देऊळ म्हणजे माझं माहेरच. मागे कातळात कोरलेलं टाकं. अख्खं गाव तेच पाणी प्यायचं. देवळाची चावी सांभाळणारी मावशी मला बघितलं की न विचारता भाकऱ्या थापायला बसायची.

हे माहेर तोडलं आमच्या ग्रुपच्या लीडरने. राहणार नवी मुंबईत सीवूड्सला, बोलण्यात साखर. त्याने मटण शिजवलं आणि तेलकट पातेलं सरळ टाक्यात बुडवून घासलं. सकाळी पाण्यावर तवंग. मावशी जाब विचारायला आली, तर याने बेधडक माझ्याकडे बोट केलं.

"ही बोनकोड्याची ना, आगरी. यांना मटणाशिवाय चालतच नाय."

बाकीचे बुटांच्या नाड्या बांधत राहिले. मी पुढे होऊन सांगायला लागले, पण मावशीने हातानेच थांबवलं. मावशी एवढंच म्हणाली, "बाय, पुन्यांदा या वाटंनं येऊ नगंस."

त्या दीडशहाण्याला ठाऊकच नव्हतं की महिना मार्गशीर्षाचा होता. मार्गशीर्षात आमच्या घरी सुका बोंबीलसुद्धा माळ्यावरून खाली येत नाही. आदल्या संध्याकाळी मी पिठलं-भात खाल्ला होता. मी डूख धरला. तो वर्षभर जपला, आणि जपताना मला बरं वाटत होतं हेही सांगते.

पुढच्या मार्गशीर्षात तो नवी मंडळी घेऊन त्याच वाटेने निघणार, हे कळलं. मी त्यांच्या एक दिवस आधी एकटीच निघाले. देवळाशी पोचले तो गुरुवार होता. मावशीच्या ओटीवर लक्ष्मीचा घट मांडलेला. मला बघून तिने तोंड फिरवलं.

"मावशी, उपास आहे. पाणी तेवढं दे."

ती वळली. "तुमच्यातबी करत्यात?"

"महिनाभर. मटणाला शिवतसुद्धा नाही."

 मावशी आत जाऊन पाणी आणि केळं घेऊन आली. "मंग त्यो मेला खोटं बोलला," म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. माझे नाही भरले. मला तो हवा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. वारं बोचरं सुटलेलं. मावशीने चावी माझ्या हातात दिली, "तूच बघ." मी कुलूप काढलं, त्याच्या मंडळींना एकेक करून आत घेतलं आणि त्याला उंबऱ्याबाहेरच अडवलं.

"अगं, जुनं काय घेऊन बसलीस? सॉरी बोलतो ना. टेन्शन नको घेऊ."

"मला नको. मावशीला सांग, पातेलं कुणाचं होतं. मोठ्याने."

मावशी माझ्या मागेच उभी होती, आतली सगळी मंडळी बघत होती. मान खाली घालून त्याने सांगितलं, एक शब्द न गाळता.

मी सगळं ऐकून घेतलं आणि आतून कडी लावली.