मोठीआईची हरकत नव्हती

आमच्या मोठीआईनं राहतं घर विकायला काढलं, आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं दारात चप्पल काढायच्या आत त्याला सांगितलं, "मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येती बरं का. आन् गच्चीवरची टाकी गळती. आता या, जेवूनच जा." गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर नवरा-बायको. खाली दवाखाना, वर घर असं त्यांना हवं होतं, आणि महिनाभर मागं लागून मी त्यांना घर बघायला तयार केलं होतं. ते पिठलं-भाकरी जेवले, मोठीआईच्या पाया पडले आणि पुन्हा त्या रस्त्याला फिरकले नाहीत. मी चिडलो, तर ही मलाच म्हणते, "उद्या त्यांला कळनारच व्हतं, ते आज कळलं. त्यात चिडू राह्यला काहून?"

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्याकडं थोरल्या चुलतीला मोठीआई म्हणतात. हिला मात्र सिल्लोडच्या पुढचं आमचं सगळं गावच मोठीआई म्हणायचं. काका पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. शहराबाहेर गारखेड्यात जेव्हा नुसती ज्वारीची रानं होती, तेव्हा त्यांनी तिथं मोठा प्लॉट घेतला आणि दोन मजली, नऊ खोल्यांचं सिमेंटचं घर बांधलं. राहणारी माणसं दोन. मूलबाळ नव्हतं. एवढं घर कशाला, असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, "गाव आहे ना." आणि गाव यायचंच. कुणी कॉलेजला, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन. कुणी आठ दिवस राही, कुणी आठ महिने. मी स्वतः अकरावी-बारावी त्याच घरात काढली. जेवताना पंगतीत शेजारी कोण बसलंय हे विचारायचं नसतं, ही तिथली पहिली शिकवण.

या मुक्कामांमुळं घरातल्या खोल्यांना माणसांची नावं पडली होती, आणि मोठीआई ती नावं बदलायला तयार नव्हती. जिन्याखालची पांडूची, रस्त्यावरची सुमनची, वरची कोपऱ्यातली येसूबाची. पांडू इंजिनिअर होऊन वीस वर्षं नाशकात राहत होता, सुमनच्या मुलीचं लग्न झालं होतं, तरी खोल्या त्यांच्याच. एका जिनिंगवाल्या शेटजींना ती घर दाखवत होती. "ही पांडूची, ही सुमनची, ही येसूबाची," असं ऐकत ऐकत शेटजी वर गेले आणि खाली आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "घराला हिस्सेदार किती आहेत ते एकदा खरं सांगा." मी सांगायच्या आधी मागून मोठीआईच बोलली, "मोजले नाय कधी." झालं. शेटजींनी चहा तेवढा घेतला आणि गेले.

आता तुम्ही म्हणाल, बाईचा जीव घरात अडकला होता, मनातून तिला विकायचं नव्हतं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण घर विकायचं तिनंच ठरवलं होतं. त्याचं असं झालं. काका गेल्यावर चार-पाच वर्षांनी एका दुपारी मी सहज तिकडं गेलो, तर मोठीआई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली. हातात चहाची किटली, चहा पार थंड. वर गावाकडचे पाहुणे होते. त्यांच्यासाठी चहा घेऊन ती अर्धा जिना चढली आणि गुडघ्यांनी दगा दिला. वरही जाता येईना, खालीही येता येईना. हाक मारायची, तर पाहुण्यांना कळेल. म्हणून तासभर गप्प बसून राहिलेली. मला बघून आधी किटली पुढं केली आणि म्हणाली, "सुध्या, हे गरम करून वर दे. आन् मला दोन खोल्याचं बघ कुठं तरी. लिफ्टवालं." मी तिला धरून खाली आणत होतो, तेव्हा कानाशी पुन्हा म्हणाली, "गावात बोलू नको."

मी बोललो नाही. गुडघ्यांबद्दल गावात कुणाला कळलं नाही. पण घर विकायचंय हे किती दिवस लपणार? त्यात मोठीआईचा बाणा असा की दारात पाहुणा उभा राहिला की कंबरेला पदर खोचून, हसतमुखानं, अगदी तिशीतल्या बाईसारखी उभी राहायची. पाहुणा गेला की दोन दिवस अंथरुणाला. शेवटी तिला भाकरीचं पीठ मळताना ओट्याला टेकून उभं राहावं लागायचं. मी वैतागून म्हणायचो, "अगं, सांग ना त्यांना सरळ, आता होत नाही म्हणून." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "बसा म्हणायची सवय हाये रे जिभेला. उठा कसं म्हणू?"

सहा गिऱ्हाइकं गेल्यावर सातवं मिळालं. बिडकीनचे तीन भाऊ. जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली, पैसा हाती आलेला, आणि तिघांनाही एकाच घरात राहायचं होतं. त्यांना नऊ खोल्यांची भीती वाटली नाही, ओल ऐकून ते हसले, आणि जेवायला तर मांडी घालून असे बसले की मोठीआई मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "हे लोक चांगले हायेत. भाकरी चुरून खातेत." सौदा ठरला. माझ्या घराजवळच्या इमारतीतला दोन खोल्यांचा फ्लॅट मी तिच्यासाठी अडवून ठेवला. मला वाटलं, सुटलो.

मग बिडकीनकरांच्या वकिलांनी रिवाजाप्रमाणं वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. अमुक घर आमचे अशील खरेदी करीत आहेत, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. अशा नोटिसा कुणी वाचत नाही असा माझा समज होता. आमच्या गावानं वाचली. पारावर मोठ्यानं वाचली. आठव्या दिवशी वकिलांचा फोन आला. आवाज घाबरलेला. "अहो, तुम्ही तर म्हणाला होता टायटल क्लिअर आहे. इथं चौदा हरकती आल्यात!"

गुलमंडीत एका कापड दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. मी धावत गेलो. चौदा कागद टेबलावर मांडलेले. पहिलाच वाचला: "सदर घरात मी चार वर्षे खाऊन-पिऊन राहिलो आहे. सदर घराशी माझा मालकीचा काहीही दावा नाही. परंतु सदर मोठीआईस तिच्या पुतण्याने घराबाहेर काढण्यास माझी सक्त हरकत आहे." खाली पांडूची सही, हुद्द्यासकट. दुसरा सुमनचा. तिसऱ्यावर येसूबाचा अंगठा. येसूबा आमच्या गावचा मेंढपाळ. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी दीड महिना त्या वरच्या खोलीत राहिलेला. चौदाही कागदांत चोर एकच, तो म्हणजे मी. वकील म्हणाले, "कुळं बघितली, कब्जेदार बघितले. जेवलो होतो म्हणून हरकत, हे मी वकिलीत पहिल्यांदा बघतोय. पण कागद तो कागद. हे मागं घेतल्याशिवाय माझे पक्षकार पुढं जाणार नाहीत."

मी तसाच तडक गारखेड्याला गेलो. मोठीआई लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, "मी तुला घराबाहेर काढतोय असं गावाला कुणी सांगितलं?" ती लसूण सोलत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "मीच." लोक विचारायचे, मोठीआई, घर काहून विकू राह्यली? तर ही सांगायची, "सुध्या ऐकत नाय. त्याचाच लकडा हाये." ऑफिसातून रजा काढून, स्वतःचं पेट्रोल जाळून, सात-सात गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन मी हिचं घर विकतोय, आणि ही मला गावभर बदनाम करतीय! तिला कळलं मी किती दुखावलोय ते. म्हणाली, "तुला काय व्हतंय रे? तू तरणा हायेस, पचवशील. मी कसं सांगू, की आता माझ्याच्यानं तुमचं व्हत नाय म्हणून? आल्याबरोबर माघारी फिरतील ना ते."

मी ऐकून घेतलं नाही. माझंही नाव होतं, मलाही गावात लग्नाकार्याला जायचं होतं. मी हट्टच धरला: सगळ्यांना वकिलांकडं बोलावतो, तू तिथं येऊन खरं काय ते स्वतःच्या तोंडानं सांग. नाही तर तुझं तू बघ. एवढ्या वर्षांत मी तिला असं कधी बोललो नव्हतो. ती "बरं" म्हणाली.

ठरल्या दिवशी चौदापैकी नऊ-दहा जण आले. पांडू नाशकाहून गाडी घेऊन आला. कुणी माझ्याशी बोलेना. वकिलांच्या ऑफिसचा जिना अरुंद, उभा, धरायला दोर लावलेला. "चढते की मी," म्हणून मोठीआई पुढं झाली. तीन पायऱ्या चढली आणि थांबली. दोर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, पाठ आमच्याकडं, आणि पाय थरथरताना लुगड्याचे काठ हलत होते. येसूबानं काठी बाजूला टाकली, वर गेला आणि तिला धरून खाली आणलं. शेवटी वकीलच खाली आले आणि कापड दुकानाच्या गादीवर आमची बैठक बसली. एवढी माणसं बघून दुकानदाराला वाटलं, लग्नाचा बस्ता बांधायला आलेत. त्यानं चहा सांगितला, नोकराला वरचा माल काढायला लावला आणि उत्साहानं विचारलं, "नवरदेव कोणतेत?"

कुणीच हसलं नाही. मोठीआईनं श्वास सावरला. म्हणाली, "सुध्याचा काही दोष नाय. मलाच विकायचंय. माझ्याच्यानं आता व्हत नाय, बाबांनो. तुमचं करणं व्हत नाय." आणि हे बोलताना ती मान वर करून कुणाकडंही बघू शकली नाही. चोरी पकडल्यासारखी बसली होती. पांडू, एवढा मोठा अधिकारी, दुकानाच्या गादीवर तोंड फिरवून रडला. येसूबा म्हणाला, "मंग काहून बोलली नाय, मोठीआई? आम्ही बसलो मुडद्यासारखे वर, आन् तू चहा घेऊन चढू राह्यली." वकिलांनी कागद पुढं केले. सगळ्यांनी हरकती मागं घेतल्या, येसूबानं पुन्हा अंगठा दिला; जे आले नव्हते त्यांनी नंतर सह्या पाठवल्या. जाताना एकेकानं माझा हात धरून माफी मागितली. मला खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मोठीआई फ्लॅटमध्ये राहायला आली. तिसरा मजला, लिफ्ट, दोन खोल्या, उजेड भरपूर. पहिले काही दिवस ती सहा जणांचं पीठ मळायची. मी म्हणायचो, एवढं कुणाला? ती म्हणायची, "सिल्लोडची गाडी आली आसंल." उरलेल्या भाकरी आमच्याकडं यायच्या. गाडी रोज येत होती, त्यातून गावची माणसंही उतरत होती. पण इकडं कुणी येत नव्हतं. फोन यायचे. "मोठीआई, तब्येत संभाळ. आम्ही स्टँडजवळ लॉजवर उतरलोय. तू अजाबात दगदग करू नको." तिनं खरं सांगितलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. यात कुणाची चूक काढणार? मी एकदा पांडूला मुद्दाम फोन करून बोलावलं. तो फळांची पिशवी घेऊन आला, खुर्चीच्या कडेला बसला, तिला त्रास नको म्हणून चहाही घेतला नाही आणि पंधरा मिनिटांत उठला. दार लावून ती म्हणाली, "पावना झाला पांडू."

त्यानंतर ती दोनच भाकऱ्या करू लागली. एकदा मी गेलो असताना, काही विषय नसताना म्हणाली, "सुध्या, तुझ्यावरच ढकललेलं बरं व्हतं. तुझ्याशी भांडायला का व्हईना, पण माझ्याकडं आले असते." मला आधी संतापच आला. इतकं सगळं करून पुन्हा मीच. पण घरी जाताना तो संताप टिकला नाही. आपलं नाव निर्मळ व्हावं म्हणून मी तिच्याकडून ते वदवून घेतलं होतं, आणि त्याची किंमत ती दारात वाट बघत उभी राहून मोजत होती. तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली.

फ्लॅटमध्ये ती दोन वर्षं राहिली. झोपेतच गेली. तेराव्याला गाव लोटलं. दोन खोल्यांत माणूस मावेना, जिन्यात, खाली पार्किंगमध्ये पंगती बसल्या. येसूबा जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "सुधाकर, मी दोन डाव आलतो इथवर. खालूनच माघारी गेलो. म्हणलं, तरास कशाला द्यायचा तिला. आपल्याला माघारी धाडायला तिला जड जायचं." मग माझ्याकडं बघून विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

खरं बोलायचा हट्ट मी एकदा धरून बघितला होता. मी म्हटलं, "व्हय येसूबा. बरोबर केलं."