सांध्याला पाणी

पालघरजवळच्या माहीमच्या दादूला किनाऱ्यावर सगळे होड्यांचा वैद्य म्हणत. नाव थट्टेतलं, पण त्याने ते मनावर घेतलं. तेच पुढे त्याच्या बायकोला, हंसाला भोवलं.

तसा माणूस हाताचा गुणी. फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकून वर राळ आणि तेलाचा लेप द्यायचं काम त्याने केलं की खलाशी निर्धास्त होत. लेप दिलेली होडी मात्र तो उन्हात सुकू द्यायचा नाही. सुकली की फळ्या आकसतात, सांधे तोंड उघडतात. पाण्यात उतरली की लाकूड फुगतं आणि फट मिटते. "सांद्याला पाणी दावा," हे त्याचं पालुपद ऐकून हंसाचे कान किटले होते.

नव्वद सालानंतर कधीतरी हंसाच्या पोटात कळा येऊ लागल्या, खाल्लेलं उलटू लागलं. एका हाकेत अख्खा मासळीबाजार वळवणारी बाई अंथरुणाला खिळली. पालघरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी आतड्यातली गाठ कापून काढली, दोन्ही टोकं शिवून जोडली आणि नंतर दादूला समोर बसवून समजावलं.

"टाक्यांतून गळण्याची भीती असते. म्हणून वरून नवीन गोंद लावलाय. रक्त ज्याने गोठतं, त्याच द्रव्याचा. मुंबईहून मागवला. पण ती जादू नाही, दादू. मी सांगेपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

दादूने मान डोलावली. सांधा, गळती, लेप! जन्मात पहिल्यांदा डॉक्टरचं बोलणं त्याला कळलं होतं. न कळतं तर फार बरं झालं असतं.

हंसाचे ओठ फुटले होते. "अवो, घोटभर द्या ना," असं ती पुनःपुन्हा विनवायची. सलाईनचं पाणी दादूच्या लेखी पाणीच नव्हतं. ते हातात जात होतं, पोटात कुठे? त्याच्या मनात पाल चुकचुकली. लेप दिलाय आणि आत सगळं कोरडं. सांधा उघडला तर?

त्यांची लेक मंदा सासरहून, सालवडहून येऊन आईजवळ डोळ्यांत तेल घालून बसली होती. ती औषधं आणायला खाली उतरली, तेवढ्यात दादूने वाडीतल्या शहाळ्याचं पाणी भांड्यात ओतलं. हंसाने भांडं ओठांवरून काढूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. "आता बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि दादू मनातल्या मनात डॉक्टरवर हसला.

संध्याकाळी ताप चढला. पोट फळीसारखं कडक झालं, हात लावू देईना.

"तोंडाने काही दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

दादूने तोंड उघडलं, पण हंसाच आधी बोलली, "नाय. काय नाय." मागितलं तिनेच होतं; नवऱ्याला बोल लागलेला तिला नको होता.

डॉक्टर बाहेर पडले तसा दादू मागे धावला. "मीच पाजलं, साहेब. शहाळं. दोनदा." सांगताना त्याला रडू कोसळलं.

"गळती त्यानेच झाली असं नाही. ती तशीही होते," असं म्हणून डॉक्टरांनी नर्सला पुन्हा ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. दादूला त्यातलं खरं किती आणि समजूत किती, ते कधीच कळलं नाही.

स्ट्रेचरवरून हंसाने त्याला खुणेने जवळ बोलावलं. "मंदेला सांगू नका. ती तुमच्याशी बोलाची नाय. आन तुमाला तिच्याबिगर कोन हाय?"

दादूने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. हंसा परत आली नाही.

मंदा बापाला सालवडला घेऊन गेली. गरम भात वाढते, काटे काढून मासा ताटात ठेवते. शेजारपाजारच्या बायकांना कौतुकाने सांगते, "माज्या बापानं आयला एक घडी एकटं सोडलं नाय. असा नवरा नशिबानंच मिलतो."

"जेवा ना, बाबा," ती म्हणते. दादू मान खाली घालून जेवतो.