व्हरांड्यापुढची मेंदी

पोरांनो, तुमच्या घरामागच्या हिरव्या कुंपणाचा फोटो पाहिला. तसंच एक कुंपण मी आदिलाबादच्या घरापुढे वाढवलं होतं, मेंदीचं. शोभेसाठी नव्हे. तुमच्या आजोबांना रस्त्यापासून आडोसा हवा होता.

आजोबा तामसीच्या शाळेत मास्तर होते, रोज बसने जाणं-येणं. एका सकाळी बसस्टँडवरच कोसळले आणि उजवं अंग गेलं. त्यांच्या वडिलांनी जन्म लोकांच्या शेतात राबून काढला. घराण्यात खुर्चीवर बसलेले हेच पहिले. घरावर पत्रे, आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, म्हणून खाट व्हरांड्यात. जुने विद्यार्थी रस्त्याने जाताना थांबून नमस्कार करायचे. यांना हात उचलता येत नसे, तोंडातून लाळ गळायची. "पोट्टे पाहून राह्यले," एवढं कसंबसं म्हणत आणि भिंतीकडे तोंड फिरवून घेत.

विटांची भिंत आमच्या आवाक्यात नव्हती. पावसाळ्याच्या तोंडी मी मेंदीच्या जून फांद्या आणून दोन ओळींत लावल्या, एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीच्या फटीसमोर येईल अशा. शेळी मेंदीला सहसा तोंड लावत नाही. पण मेंदीला उंच जायची घाई असते आणि खालून ती उघडी राहते. म्हणून वाढ दिसू लागली की निर्दयपणे गुडघ्याएवढी छाटायची, म्हणजे बुडातून फुटवे येतात. मी छाटायला लागले की आजोबा खाटेवरून बघत. "काऊन कापतं? वाढू दे ना." "दाट होते जी, धीर धरा," मी म्हणायची.

दोन वर्षांत दाट झालीही. खाटेचा बराचसा भाग झाकला गेला. आणि आषाढ आला.

आषाढात तेलुगू बायका हाताला मेंदी लावतातच. समोरच्या दुकानदाराची बायको सुनांना घेऊन टोपली भरायला आली. त्या घरातल्या कुणीही कधी आमच्याकडचं पाणी घेतलं नव्हतं. मेंदीचा पाला मात्र चालला. त्या मला टीचरम्मा म्हणत, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे म्हणून.

"टीचरम्मा, तुम्हारी मेंदी बहोत लाल चढती. सर का मोहब्बत है क्या?"

सुना खिदळल्या. मीही हसले. त्या माझ्या हातचं काही नेत आहेत, याचं मला बरंच वाटत होतं. त्या गेल्यावर पाहिलं तर खाटेच्या अगदी समोर भलंमोठं भगदाड.

"त्याहीले काऊन येऊ देतं?" आजोबांनी विचारलं. डोळ्यांत पाणी होतं. मी तिथे जुनं लुगडं बांधलं. वाऱ्याने ते उडायचं, आणि मग आजोबा पुन्हा भिंतीकडे वळायचे. पुढच्या आषाढात बायका आल्या तेव्हा मी त्यांना फाटकाकडच्या टोकाला नेलं. "इकडचं तोडा, तिकडे नको." त्यांनी तिकडचंही तोडलं. खाटेसमोर ऊन जास्त, तिथली पानं कोवळी असायची.

त्या थंडीत आजोबा गेले.

नंतरच्या आषाढात मी सकाळपासून बागेतच होते. समोरची बाई सुनांसह टोपली घेऊन निघाली आणि आमच्या फाटकावरून पुढे गेली. मी हाक मारली, "अहो, या ना, यंदा भरपूर आली आहे."

धाकटी सून थांबली. सासूने तिचा दंड धरला. "वद्दु, टीचरम्मा," सासू खालच्या आवाजात म्हणाली. नको. "हमको थोडाच होना." थोडीच हवी म्हणे. रिकामी टोपली घेऊन त्या पुढच्या गल्लीत वळल्या. विधवेच्या दारची मेंदी सवाष्णीच्या हाताला चालत नाही, हे मला कळायला वेळ लागला. आपण विहारात जाणारी माणसं, असलं काही मानत नाही. तरी मी बराच वेळ फाटकाशी उभी राहिले.

कुणी तोडेना, तसं कुंपण भिंतीसारखं भरलं. आजोबांना हवं होतं तसं, कुठेही फट नाही. व्हरांड्यात बसलं की रस्त्यावरचे आवाज तेवढे यायचे.

श्रावणात मी मोठी कात्री घेतली आणि सगळं कंबरेएवढं उतरवलं. फांद्यांचा ढीग फाटकाबाहेर ओढून टाकला. पानं हिरवीगार होती, रंगाला उत्तम. ती वाळून करडी होईपर्यंत कुणी मूठभरही उचलली नाहीत.