काटा दिसला पाहिजे

साताऱ्याहून निघताना माझ्या खांद्याला कॅमेरा होता आणि मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दोन्हींत नाजूक काय, असं कुणी विचारलं असतं तर मी डबाच दाखवला असता. चंदीगडला राहणाऱ्या माझ्या तीन वर्षांच्या भाचीचं, मुग्धाचं, संक्रांतीनंतर बोरन्हाण होतं आणि डब्यात तिचे हलव्याचे दागिने होते. पाय प्लॅस्टरमध्ये असताना शेगडीपुढे बसून आईने ते केले होते. नातीच्या बोरन्हाणाला जाता येत नाही म्हणून ती चिडलेली होती, आणि चिडली की आईचा हात फार सुरेख चालतो.

"दागिने काय, पोर त्याच दिवशी चाखून संपवेल," ती म्हणाली. "फोटो मात्र असा काढ, की मला हलव्याचा काटा दिसला पाहिजे."

तिळावर पाकाचा थेंब देत, मंद आचेवर हाताने फिरवत राहिलं की दाण्यावर बारीक टोकं उभी राहतात, तो काटा. हलव्याची सगळी परीक्षा त्यात. 'तिकडच्या धुक्यात कसला टिकतोय काटा,' असं शेजारच्या काकू आईच्या तोंडावर बोलून गेल्या होत्या. त्यामुळे प्रश्न आता आईच्या अब्रूचा होता.

दिल्लीला गाडी बदलली तरी डबा मी मांडीवरून हलवला नाही. समोरच्या पंजाबी बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"सोना है क्या इसमें?"

"हां जी, गहने ही हैं," मी म्हणाले. त्यानंतर डब्याकडे माझ्यापेक्षा त्याच जास्त लक्ष ठेवू लागल्या.

चंदीगड पहिल्यांदा दिसलं असं म्हणवत नाही, कारण धुंद (दाट धुकं) इतकी होती की सायकलरिक्षावाल्याची पाठ तेवढी दिसत होती. सरळसोट रस्ते, चौकामागून चौक, आणि पत्ता म्हणजे नुसते आकडे. तरी त्याने मला बरोबर ताईच्या क्वार्टरसमोर उतरवलं. ताईने मला मिठी मारायच्या आधी डबा घेतला आणि अंगीठीजवळच्या (कोळशाच्या शेगडीजवळच्या) फळीवर ठेवला. मुग्धाने तो हुंगून पाहिला. "मौसी, इसमें मीठा है?" घरात मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं.

भावोजी सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत, उपकरणांच्या कामावर. माझ्या कॅमेऱ्याची पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स पाहून त्यांना माझी दया आली.

"शैला, हिच्यात जवळ-लांब काही करता येत नाही. दृश्य मोठं हवं तर स्वतः चालत जायचं. बोरन्हाणाला झूम लेन्स हवी, पक्का. एका जागी उभं राहून सगळं टिपशील."

ती झूम लेन्स त्यांचे सहकारी ग्रेवालजी यांची. आम्ही आणायला गेलो तर आधी मक्याची रोटी, सरसोंचा साग आणि वर लोण्याचा गोळा. मग गज्जक, म्हणजे आपल्या तिळगुळाचीच कुरकुरीत वडी. मी तीन खाल्ल्यावर ग्रेवालजींनी दुधीएवढी लेन्स माझ्या हातात दिली.

"बहनजी, चिड़ी दी अक्ख तक दिसेगी (पाखराचा डोळासुद्धा दिसेल)."

आणि दिसला. दुसऱ्या दिवशी धुंद लवकर फाटली, सुखना तलावावर ऊन पडलं, आणि पाण्यात दूरवर बसलेलं बदक लेन्सची कडी फिरवताच माझ्यासमोर आलं. मागे शिवालिकच्या निळ्या टेकड्या. माझी साधी लेन्स मला एकदम गरीब वाटायला लागली. भावोजी घरापर्यंत शीळ घालत आले.

बोरन्हाण गच्चीत, भर दुपारी उन्हात करायचं ठरलं होतं. पण त्या रविवारी धुंद उठलीच नाही. ताईने सतरंजी बैठकीच्या खोलीत अंथरली. चंदीगडच्या साऱ्या मराठी बायका शाली गुंडाळून दाटीने बसल्या आणि मधल्या पाटावर मुग्धा: काळं परकर-पोलकं, गळ्यात हार, कपाळावर बिंदी, हातांत वाक्या. सगळं पांढरंशुभ्र, काट्यासकट.

मी झूम डोळ्याला लावली. अंधार, आणि त्यात मुग्धाचं नुसतं नाक, तेही धूसर. ही लेन्स जवळचं स्पष्ट दाखवेना. मी मागे सरकले. कपाट लागलं.

"दाराबाहेर जा, अंगणातून घे," भावोजींनी दार सताड उघडलं. गार वारा थेट आत.

"अहो, पोरीला न्यूमोनिया कराल," एक काकू म्हणाल्या आणि दार बंद झालं.

तेवढ्यात मुग्धाने उजवी वाकी तोंडात घातली. ताईने बोरं-चुरमुऱ्यांचं भांडं उचललं होतं. आईचा हार आता फार तर पाच मिनिटांचा सोबती, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं.

"ताई, थांब जरा," मी म्हणाले आणि सगळ्यांसमोर झूम काढून भावोजींच्या हातात दिली. मी पन्नासची लेन्स चढवली आणि खोली एकदम उजळली. या साध्या लेन्सचं तोंड मोठं, उजेड भरपूर घेते. काकूंना सरकवत मी पाटासमोर मांडी घातली. प्रकाश मोजायचं मीटर काळ्या कापडावर धरलं असतं तर ते फसलं असतं, फोटो भडक आला असता आणि हलव्याचे नुसते पांढरे ठिपके दिसले असते. ते मी माझ्या तळव्यावर धरलं. गुडघ्यावर कोपर टेकवलं. स्वतः चालत जायचं, असं भावोजी हिणवून म्हणाले होते; मी तर पोरीच्या इतकी जवळ गेले की पहिलं बोर माझ्याच डोक्यावर पडलं.

ताईने भांडं उपडं केलं. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे. मुग्धाने वर बघून खदखदून हसायला तोंड उघडलं आणि मी बटण दाबलं. मग रोल संपेपर्यंत दाबतच राहिले. संध्याकाळी हाराचा नुसता दोरा उरला होता.

"आजी को बोलो, और भेजे," मुग्धा बोटं चाटत म्हणाली. भावोजींनी लेन्स पुसत एवढंच विचारलं, "बदक तरी नीट आलं असेल ना?"

साताऱ्याला परतल्यावर फोटो धुऊन आणले आणि मी मुद्दाम शेजारच्या काकू आलेल्या असताना पाकीट आईच्या हातात दिलं. बदक वर होतं. खरोखर देखणं आलं होतं. आईने ते "छान आहे" म्हणून काकूंकडे दिलं आणि खालचा फोटो उजेडात धरला. मग परातीतल्या हलव्यावरून फिरवावा तसा तिने अंगठा फोटोतल्या हारावरून अलगद फिरवला.

"काटा आहे," ती म्हणाली आणि फोटो काकूंसमोर धरला. काकूंनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. मान्य करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

इतक्या लांबचा प्रवास करून मी फार काही पाहिलं नाही, चंदीगड तर निम्मं धुक्यातच राहिलं. पण आईचा चेहरा पाहून मला विजयी वीरासारखं वाटत होतं. मी तिला मुग्धाचा निरोप सांगितला.

आईने प्लॅस्टरचा पाय उचलून बाजूला ठेवला.

"शेगडी पेटव," ती म्हणाली. "आणि तीळ काढ."