रिकाम्या गाडीचं माप

गो-कार्टची तिसरी चेन तुटली तेव्हा भिंगरीने हेल्मेट काढून दाणकन जमिनीवर आपटलं, आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. मामीने पाहिलं होतं. मामीच्या नजरेतून काही सुटायचंच नाही. बिस्किटांच्या कारखान्यात तीस वर्षं सरकत्या पट्ट्यांच्या गोंगाटात काढली, त्यात कान गेले. आता समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून ती सगळं समजून घ्यायची, आणि स्वतः मात्र गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची.

भिंगरीला मामीचं कौतुक होतं असं काही म्हणता यायचं नाही. नोकरीसाठी ती मामीकडे राहायला आली होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि संध्याकाळी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपल्या या शर्यतीच्या गो-कार्टशी झटापट करायची. चार चाकं, लोखंडी नळ्यांची फ्रेम आणि मागे एक इंजिन. आता हे इंजिन मुळात पाण्याच्या पंपाचं बरं का! बिचारं एका संथ वेगात पाणी उपसायला जन्मलेलं. त्याच्या वेगाला लगाम घालणारा गव्हर्नर भिंगरीने काढून टाकला, कार्बोरेटर बदलला, आणि ते असं काही किंचाळायला लागलं की शेजारी खिडक्या लावून घेत. एवढा जोर एका चेनमधून मागच्या चाकांच्या दांड्याला, म्हणजे एक्सलला जायचा. आणि ती चेनच टिकत नव्हती.

महिन्यात तीन चेन! दुसरी तर ट्रॅकवरच तुटली आणि उडून कुंपणावर आदळली. तिथला तपासनीस रागाने लाल झाला. "रविवारी संघाची निवड आहे. वीस फेऱ्या. त्यात चेन तुटली तर वर्षभर ही गाडी इथे आणायची नाही," त्याने सुनावलं. शर्यतीच्या संघात पंचविशीपर्यंतच घेत. भिंगरीला पंचविसावं चालू होतं, म्हणजे रविवार गेला की सगळंच गेलं.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने दरवेळी येऊन इंजिन चालू करायला लावलं, डोळे मिटून मान हलवत ऐकलं आणि निकाल दिला. आधी म्हणाला, चेन जाड घाल. घातली. मग म्हणाला, क्लच सटकतोय. क्लच बदलला. आज म्हणाला, "पोरी, इंजिनला झेपेल एवढंच पळव. गव्हर्नर परत बसव." म्हणजे पंपच की! पंप घेऊन कोण शर्यतीला जातं? तो गेल्यावर भिंगरीने हात टेकले आणि ती तोंड पाडून बसली.

मामी पदराला हात पुसत आत आली. तिने तुटलेली चेन उचलली आणि एकेक कडी बोटांतून सरकवत राहिली. मग एक्सलवरच्या दातेरी चाकाच्या प्रत्येक दातावरून अंगठा फिरवला. इंजिन चालू कर, असं तिने म्हटलंसुद्धा नाही. तिला ते ऐकू थोडंच येणार होतं?

"एकाच अंगाला घासलीये गं ही!" ती ओरडली. "बघ, ही बाजू चकचकीत आणि ही जशीच्या तशी. चेन तिरकी धावतेय."

"शक्यच नाही," भिंगरी तिच्याकडे तोंड करून म्हणाली. काचेचा केसभर फरक ओळखणारी मुलगी ती, तिच्या मापाला कुणी बोट लावायचं नाही. तिने गाडी स्टँडवर चढवली आणि पुढच्या-मागच्या दातेरी चाकांवर स्टीलची पट्टी टेकवली. पट्टी दोन्हीकडे चपखल बसली. "बघ! सरळ आहे की नाही?"

मामीने पट्टी पाहिली, गाडी पाहिली, भिंगरीला पाहिलं.

"स्टँडवर कधी तुटलीये का?"

"नाही. मी पळवताना तुटते."

"मग मापाच्या वेळी तू बाहेर काय करतेस?"

भिंगरीने पट्टी खाली घेतली.

"आमच्याकडे पट्टे लावायला नवीन माणूस आला की हीच चूक करायचा," मामी सांगू लागली. "रिकामा पट्टा सरळ लावायचा आणि खूश व्हायचा. त्यावर बिस्किटं पडली की पट्टा निघाला वाकड्या वाटेला! उतरव खाली ती गाडी. बस आत."

भिंगरी बसली. मामी जमिनीवर आडवी झाली, साठीच्या बाईने सिमेंटवर गाल टेकवला आणि पट्टी लावली. एका बाजूला पट्टी आणि चाकाच्या मध्ये आगपेटीची काडी सहज आत गेली. भिंगरीच्या वजनाने फ्रेम वाकत होती आणि इंजिन कलत होतं. चार महिने तिने रोज हेच माप घेतलं होतं, आणि रोज चुकीच्या गाडीचं घेतलं होतं.

"फ्रेमला आडवी नळी मारू का? नको, ताठ झाली तर वळणावर वळणारच नाही," ती स्वतःशीच पुटपुटली.

मामीने ओठ वाचले. "फ्रेम राहू दे. वाकणार आहे ना? मग वाकलेलीच सरळ लावू. हेल्मेट घाल. ते शर्यतीचे बूटही. पेट्रोल भर. आणि जेवलीस का?"

"मामी, जेवणाचं काय!"

"जेवून ये. रिकाम्या पोटी मोजणार नाही मी."

नवी चेन चढवून झाल्यावर दोन तास भिंगरी पुतळ्यासारखी बसून होती. मामी इंजिनचे बोल्ट ढिले करायची, पत्र्याचा कपटा खाली सरकवायची, आवळायची, पट्टी लावायची, पुन्हा ढिले करायची. हात काळे झाले, केसात ग्रीस गेलं. त्या जाडजूड बोटांकडे भिंगरी बघत राहिली. याच बोटांनी ही बाई रोज तिच्यासमोर वाटाणे सोलायची आणि आपण कधी मान वर करून विचारलंही नाही, की मामी, तू कारखान्यात करायचीस तरी काय! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

रविवारी सकाळी भिंगरी न जेवताच बुटांच्या नाड्या बांधायला बसली. मामी ताट घेऊन डोक्यावर उभी. "पोटभर जेवलेली मोजलीये तुला!"

तपासनिसाने गाडी स्टँडवर घेतली, पट्टी टेकवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "चेन तिरकी. ही तर नजरेला दिसतेय. नापास."

"खाली उतरवा आणि तिला आत बसवा!" मामीचा आवाज घुमला. आख्खा ट्रॅक वळून बघायला लागला.

"काकू, नियम सगळ्यांना सारखा..."

"बसवा म्हणते ना! मग खुशाल हाकला."

सुटका नाही हे त्याने ओळखलं असावं. गाडी चाकांवर आली, भिंगरी बसली. तपासनीस गुडघ्यावर वाकला. पट्टी दोन्ही चाकांना अशी चिकटली की मध्ये कागद जायचा नाही. त्याने पट्टी काढली, पुसली, पुन्हा लावली. मग भिंगरीला उठवून स्वतःच आत बसला आणि म्हणाला, "आता बघा."

मामीने पट्टी टेकवली, ती परत एका बाजूने सुटली. तो भिंगरीच्या दीडपट तरी होता.

"तुम्हाला नाही व्हायची साहेब," मामी म्हणाली. "हिच्या अंगावर बेतलीये."

माणसं हसली. तपासनीस मात्र हसला नाही. तो सावकाश उठला आणि त्याने कागदावर ‘पास’ लिहून दिलं.

वीस फेऱ्या. मामी कठड्याशी उभी राहून एकेक बोट मिटत होती. दहा मिटली, मग पुन्हा उघडून दहा. प्रत्येक वळणावर भिंगरीचा जीव मुठीत, पाठीमागे इंजिन पिसाळलेलं, आणि चेन मात्र सुतासारखी सरळ धावत होती. विसावी फेरी संपली. संघात जागा चार होत्या, आणि वेळेच्या फळ्यावर भिंगरी तिसरी लागली.

ती थांबली तेव्हा हेल्मेटमध्ये कान नुसते घणघणत होते. पलीकडे तपासनीस पुढच्या स्पर्धकाला हात हलवून काहीतरी सांगत होता. मामी त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि गालातल्या गालात हसत होती.

भिंगरीने हेल्मेट काढलं. "काय म्हणतोय गं तो? मला काहीच ऐकू येईना."

मामीने तिच्याकडे वळून, जन्मात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात सांगितलं, "म्हणतोय, गाडी स्टँडवरून खाली घ्या. आणि आधी आत बसा."