मार्कंड्याचं हेवी मेटल

गाणं संपलं की तो गिटारवरचा हात तसाच ठेवायचा, घामाने चिकटलेले केस कानामागे सारायचा आणि विचारायचा, "शब्द आयकू आले काय?"

आम्ही सगळे एका सुरात "हो" म्हणायचो. ते धडधडीत खोटं होतं. तुमच्याही गल्लीत असा एखादा कलावंत असेल, तर हे प्रेमाचं खोटं तुम्हीही बोलला असाल.

माझा बल्लारपुरात लाउडस्पीकरचा धंदा. तो कारखान्यात फिटर, माझ्या दुकानामागे खोली करून राहायचा. खांद्यापर्यंतचे केस हेल्मेटखाली कोंबून कामावर जायचा आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या गोदामात, गुंडाळलेल्या कनातींच्या मधोमध उभा राहून गर्जायचा. गर्जायचा काय, तर कलिंगची लढाई, समुद्रमंथन, वालीचा वध. परदेशातले लोक त्यांच्या जुन्या कथांवर असली आरडाओरड्याची, 'हेवी मेटल' म्हणतात ती गाणी करतात, हे कळल्यापासून त्याला चैन नव्हतं.

"भाऊ, ते लोकं आपल्या देवाईवर, राजाईवर गाणे करतेत. आपल्यापाशी तं वैनगंगेच्या काठी खुद्द यम हरून गेला. मंग आपण काऊन नाई करावं?"

असं म्हणून त्याने मार्कंडेयाचं गाणं केलं. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला पोरगा, न्यायला आलेला यम, आणि पोराने पिंडीला मारलेली मिठी. "ओढ रे यमा दोर, मिठी माझी सुटत नाही," हे त्याचं धृपद. ते मला माहीत, कारण त्याने वहीत दाखवलं होतं. नुसतं ऐकून मला त्यातलं 'यमा' तेवढं कळायचं.

हे गाणं वैनगंगेकाठच्या मार्कंडा गावी, मार्कंड्याच्या जत्रेत म्हणायचं, हा त्याचा एकच ध्यास. ज्यांना गोष्ट पाठ आहे, त्यांना तरी शब्द कळतील अशी त्याला आशा होती.

महाशिवरात्रीला तिथल्या एका मंडपाचं लाउडस्पीकरचं काम माझ्याकडे होतं. त्याला मदतीला नेलं, तर तो गिटार घेऊनच आला. दुपारचं भजनी मंडळ वाटेत अडकलं आणि मंडपवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हणालो, "एक जण हाय माह्यापाशी. मार्कंडेयाचंच म्हणते." कसं म्हणतो, ते मात्र मी सांगितलं नाही.

मोबाईलमध्ये भरून आणलेला ढोल सुरू झाला आणि हा डोकं गरागरा फिरवत, केस उडवत गायला लागला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर पुढच्या बायांनी हात जोडलेले. एक म्हातारी बाई मंचाशी आली, तिने त्याच्या पायावर कुंकू वाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "देवा, माही कालवड हरपली. कोन्या दिशेले गेली?"

बायांना वाटलं, अंगात आलं. आमच्याकडे केस सोडून कोणी असा घुमायला लागला तर दुसरं काय समजायचं?

तो थांबला. मी घाईघाईने ढोल बंद केला. सगळा मंडप कालवडीची दिशा ऐकायला गप्प झाला होता. त्याने नुसतं बोट दाखवलं असतं तरी नारळांचा ढीग लागला असता. तो मंचावर खाली बसला.

"बाई, मी देव नाई. मी फिटर हावो. गाणं म्हणून राह्यलो होतो." मग पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "शब्द आयकू नाई आले काय?"

"आले ना गा," बाई म्हणाली. "आयकू आले म्हनूनच तं वाटलं, मार्कंडदेवच आला. पर त्याची माय कुठी हाय? जिनं सोळा वर्स दिवस मोजले, तिचं काईच नाई तुया गाण्यात?"

परतताना टेम्पोत तो माझ्या शेजारी बसून एकटाच हसत होता. "आयकू आले, भाऊ, तिले." वाटेत मूल गावी चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "पर मायचं राहून गेलं ना." आणि वही काढली.

त्या उन्हाळ्यात त्याला ओडिशात नोकरी लागली आणि तो गेला. गोदाम आता शांत असतं. मला ती शांतता मुळीच आवडत नाही.

यंदा जत्रेत ती बाई मला शोधत आली. कालवड आपल्या पायांनी घरी आली होती. "तो केसवाला कुठी हाय? मायचं जोडलं काय त्यानं?"

मी फोन लावला. त्याची जेवणाची सुट्टी होती. मी फोन माइकसमोर धरला, आणि त्याने आईचं कडवं गिटारीवाचून, ढोलावाचून, साध्या आवाजात म्हटलं. त्याचा आवाज इतका मऊ आहे, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. मंडपातल्या बाया हातातलं काम सोडून ऐकत होत्या. मला पहिल्यांदाच प्रत्येक शब्द कळला.

मग थोडा वेळ नुसती खरखर. आणि लाउडस्पीकरमधून, सगळ्या जत्रेला, "शब्द आयकू आले काय?"

मी तोंड उघडायच्या आत बाईने फोन माझ्या हातातून घेतला.

"आले बाबू, सारे आले," ती म्हणाली. "जेव आता. सुट्टी सरून जाईन तुई."