वरची मूठ

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात, दर्यापूरच्या आमच्या घरी, मी माझ्या वहिनीवर एका चुकीचा ठपका ठेवला. ती चूक माझी होती. हे मला बोलण्याच्या आदल्याच दिवशी कळलेलं होतं. आजपर्यंत मी हे कोणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही त्या घरातले नाही.

आधी पार्श्वभूमी. अकोल्याच्या ज्या दैनिकात मी बातम्या तपासण्याचं काम करत होतो, त्याची तिथली आवृत्ती बंद झाली. मी अमरावतीला येऊन बसलो. वहिनींच्या हातच्या कुरडया गावात नाव कमावून होत्या. त्या ऑनलाइन विकाव्यात ही कल्पना माझी. भांडवल दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं. वहिनी आणि त्यांच्या गल्लीतल्या बायका दर्यापूरला कुरडया करत, वाळवत, खोक्यात भरत. भरलेली खोकी एसटीनं अमरावतीला येत. मी कॉम्प्युटरवर ठरलेलं वजन आणि माप नोंदवायचो, पत्ता चिकटवायचो, कुरिअरच्या माणसाच्या हवाली करायचो. घरात माझ्याकडे असलेलं जबाबदारीचं काम तेवढंच.

आता वानोळ्याबद्दल सांगायला हवं. शेतात किंवा घरात नवं काही निघालं की त्यातलं थोडं नातलगांकडे, शेजाऱ्यांकडे पाठवायचं — त्याला आमच्याकडे वानोळा म्हणतात. वहिनी खोकं बंद करण्याआधी कुरडयांवर मूठभर मुगवड्यांची पुडी ठेवत. न सांगता, न मागता. ज्यानं पैसे देऊन घेतलं तो गिऱ्हाईक झाला, पण त्याच्या घरी आपल्या हातचं चाललंय, मग ते नुसतं मोजून कसं पाठवायचं, असा त्यांचा हिशेब. खोक्यात काय जाईल आणि ते कसं दिसेल हे त्या ठरवत. त्या घरात त्यांच्या शब्दावर ठरणारी दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

कुरडई वजनाला हलकी, पण जागा फार खाते. अशा मालाचं वजन कुरिअर कंपनी दोन रीतींनी धरते. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याच्या लांबी-रुंदी-उंचीवरून काढलेलं. जे जास्त भरेल त्याचे पैसे. आपण नोंदवलेला आकडा शेवटचा नसतो. पार्सल कंपनीच्या अकोल्याच्या केंद्रात पट्ट्यावरून सरकतं, खाली काटा असतो, वर कॅमेरा. फरक निघाला की तो आपल्या खात्यातून आपोआप कापला जातो. कोणी विचारत नाही, कोणी फोन करत नाही. फक्त एक संदेश येतो.

त्या उन्हाळ्यात असे संदेश येऊ लागले. एक-दोन नाही, जवळजवळ प्रत्येक पार्सलमागे. मी ते उघडून वाचले नाहीत. का नाही वाचले? — मी, ज्यानं दुसऱ्यांच्या बातम्यांतली एक-एक वेलांटी तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली? कुरडई विकली जात होती, हातात पैसा उरत नव्हता, आणि दादा दर आठवड्याला फोनवर विचारत होता. शेवटी त्यानं दर्यापूरला बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी मी पहिल्यांदा त्यातला एक संदेश उघडला.

त्यात फोटो होता. आमचं खोकं, वरून टिपलेलं. खाली आकडे. काट्यावरचं वजन मी नोंदवल्यापेक्षा किंचित जास्त, पण कंपनी सोडून देते त्या मर्यादेच्या आत. लांबी बरोबर. रुंदी बरोबर. उंची जुळत नव्हती.

मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातून टेप आणली आणि रिकामं खोकं मोजलं. मशीनचा आकडा बरोबर होता. सुरुवातीला आम्ही बुटकी खोकी वापरायचो. कुरडया मोडतात अशी तक्रार आली म्हणून मीच अकोल्याहून उंच खोकी आणली होती. कॉम्प्युटरमध्ये मात्र जुन्या खोक्याचं माप कायम करून ठेवलेलं होतं, ते बदललं नव्हतं. इतकंच. पुडीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मी बाकीचे संदेशही पाहिले. सगळीकडे तेच — उंची.

म्हणजे दर्यापूरच्या गाडीत बसलो तेव्हा मला सगळं माहीत होतं. हे इथे स्पष्ट राहू द्या.

ओसरीत दादा खाटेवर बसला होता. वहिनी आणि शेजारच्या शांताकाकू खोकी भरत होत्या. पाणी पिऊन होतं न होतं तोच दादा म्हणाला, "माल जाऊन राहिला, पैसे येऊन राहिले, मंग मधात खाऊन कोन राहिलं? पेपरात असता तं दुसऱ्याचे घोटाळे काढत होता. आता घरचा सांग."

शांताकाकू हसल्या. मी हसलो नाही.

वर्तमानपत्रात एक पद्धत असते. दोन गोष्टींचा संबंध सिद्ध करता येत नसेल, तर त्या नुसत्या शेजारी शेजारी ठेवायच्या. जोड वाचक स्वतः लावतो. उद्या कोणी जाब विचारलाच, तर आपण काही म्हटलेलंच नसतं. मी त्या दुपारी तेच केलं. मी म्हणालो, कंपनीचं मशीन प्रत्येक पार्सल पुन्हा मोजतं. आपण लिहिल्यापेक्षा जास्त भरलं की फरक आपोआप कापला जातो. आणि वहिनी प्रत्येक खोक्यात वरून पुडी टाकतात.

तीन वाक्यं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. — मग मी खोटं बोललो की नाही? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारत राहिलो, कारण प्रश्न विचारत राहिलं की उत्तर द्यावं लागत नाही. उत्तर साधं आहे. बोललो.

दादानं जोड लगेच लावली. वहिनींकडे वळून म्हणाला, "हे काय हळदीकुंकू आहे का, वाण वाटायले?"

वहिनींच्या हातात पुडी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एका मुठीनं एवढं होते का, भाऊजी?"

इथे मला थांबता आलं असतं. त्यांनी सरळ विचारलं होतं, आणि माझ्याकडेच पाहून विचारलं होतं. मी म्हणालो, "मशीन मोजतं, वहिनी. मशीन कोणाची बाजू घेत नाही."

हेही खरंच होतं.

"घ्या," शांताकाकू म्हणाल्या, "आता मूठबी मशीनले विचारून भरा लागते." त्यांनी गमतीनं म्हटलं होतं. वहिनींनी उघडं खोकं पुढे ओढलं, हातातली पुडी त्यात ठेवली नाही, झाकण लावलं. आधी भरलेल्या खोक्यांतल्या पुड्याही काढून घेतल्या. मी तिथेच बसून होतो. चहा आला, तो प्यालो.

परतीच्या गाडीत, दर्यापूर सुटल्याबरोबर, मी मोबाइलवर खोक्याची उंची दुरुस्त केली. वाढलेला खर्च गिऱ्हाइकाकडून घ्यायच्या डिलिव्हरीच्या रकमेत घातला. फरकाचे संदेश थांबले. अर्थात थांबले — आता फरकच नव्हता. पण दर्यापूरच्या घरात त्याचा अर्थ वेगळा झाला. पुडी बंद झाली आणि कापाकापी बंद झाली, दोन्ही एकाच वेळी. दादाचा फोन आला, "पाह्य, मी म्हनलं होतं ना? बाईच्या हाताले माप नाई." मी 'हो' म्हणालो. वहिनींविरुद्धचा पुरावा असा मी स्वतः तयार केला, आणि मग तो खरा ठरू दिला.

त्यानंतर दादानं ठरवलं की खोकी अमरावतीलाच भरायची. वहिनींकडे फक्त करण्याचं आणि वाळवण्याचं काम राहिलं. कुरडया पोत्यात भरून येऊ लागल्या. शांताकाकूंनी थोड्या दिवसांनी यायचं सोडलं. वहिनींनी कधी तक्रार केली नाही. उलट एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "माह्यामुळं तुमचं नुकसान झालं, मले कोनी आधी सांगतलं असतं तं बरं होतं." बायकोनं हे घरी येऊन मला सांगितलं. मी पत्ते चिकटवत होतो. चिकटवत राहिलो.

नाशिकच्या एका बाईंचा निरोप आला होता. मागच्या दोन्ही वेळेला वड्यांची पुडी होती, या वेळी नव्हती. करणाऱ्या ताईंची तब्येत बरी आहे ना, एवढंच विचारलं होतं. मी उत्तर पाठवलं — वजनाच्या नियमामुळे पुडी बंद करण्यात आली आहे. निरोप वहिनींना दाखवला नाही. दाखवला असता तर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला असता.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायची टाळत होतो. पुढच्या वर्षी मी एकदा खोकं भरताना मूठभर मुगवड्या वर ठेवल्या आणि पार्सल पाठवून दिलं. खात्री करायची होती. पार्सल अकोल्याच्या पट्ट्यावरून गेलं, पुढे पोचलं. एक पैसाही कापला गेला नाही. म्हणजे जे मला टेपनं कळलं होतं, ते काट्यानंही कळलं. मग मी काय केलं? काही नाही. दादाला फोन लावला नाही. पुडी पुन्हा सुरू केली नाही.

का, याची कारणं माझ्याकडे आहेत. नोकरी गेली होती, दादाचा पैसा होता, वगैरे. ती कोणाच्या उपयोगाची नाहीत.

यंदा चैत्रात बायको आणि मी दर्यापूरला गेलो होतो. निघताना वहिनी आम्हाला काहीतरी बांधून देतात, ते अजून सुटलेलं नाही. पूर्वी त्या डबा उघडून दोन्ही हातांनी पिशवीत टाकत जायच्या, आम्ही 'पुरे, पुरे' म्हणेपर्यंत, आणि त्यानंतर वरून आणखी एक मूठ. यंदा त्यांनी धंद्यासाठी घेतलेला लहान काटा कोनाड्यातून काढला, पुसला, ओसरीत ठेवला. त्यावर पिशवी ठेवून मुगवड्या घातल्या. शेवटच्या वड्या एक-एक करून घातल्या.

"एक किलो हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पाहून घ्या."

मी वाकून पाहिलं. आकडा किलोच्या जरासा वर होता. ते त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी पिशवीतून एक वडी उचलली आणि परत डब्यात टाकली. आकडा बरोबर एक किलोवर आला. मग त्यांनी पिशवीला गाठ मारली.